नाव झाकलं तर आवडता लेखक ओळखू येईल का?

पिंपळपान

भाऊ आणि मी लहानपणापासून एकमेकांना पुस्तकं देत आलोय. मागच्या महिन्यात त्याने दिलेल्या कादंबरीला खाकी कागदाचं कव्हर होतं आणि शीर्षकाचं पान व शेवटची चार पानं स्टेपल मारून बंद केलेली होती. म्हणाला, "वाच आणि सांग कोणाची आहे. स्टेपल काढायची नाही."

चार दिवसांत वाचून झाली. लंडनमधली रहस्यकथा. युद्धात पाय गमावलेला खासगी गुप्तहेर आणि त्याच्याकडे तात्पुरती कामाला आलेली तरुण मदतनीस. आवडली, पण मधली पन्नासेक पानं फार रेंगाळलेली वाटली. मी सांगून टाकलं, "कोणी तरी निवृत्त पोलीस किंवा लष्करातला माणूस असावा, पहिलीच कादंबरी असावी."

त्याने स्टेपल काढल्या. रॉबर्ट गॅलब्रेथ. मला काहीच बोध झाला नाही. मग त्याने सांगितलं की ही जे. के. रोलिंग. हॅरी पॉटरचे सातही भाग मी इतक्या वेळा वाचलेत की कुठलंही पान उघडून पुढचं वाक्य सांगेन. आणि तीच बाई चार दिवस माझ्या कानाशी बोलत होती, तरी मला आवाज ओळखता आला नाही.

याहून जास्त टोचलं ते पुढचं. नाव कळल्यावर मी ती रेंगाळलेली पन्नास पानं परत काढली, तर ती मला 'निवांत' वाटली. पात्रं किती सावकाश उलगडलीत, असंही मनात आलं. पानं तीच, अक्षरं तीच!

म्हणून दोन प्रश्न विचारते. नाव झाकलं तर तुमचा आवडता लेखक तुम्हाला ओळखू येईल असं खरंच वाटतं का? आणि मोठ्या लेखकाने असं लपून लिहावं का?

रातकिडा

पहिल्या रांगेत जागा धरली. माझं उत्तर: नाही ओळखू येणार.
पण एक शंका. पानांच्या माथ्यावर लेखकाचं नाव छापलेलं असतं ना? ते दिसलं नाही?

पिंपळपान

@रातकिडा, छापलेलं होतं. डाव्या हाताच्या प्रत्येक पानावर त्याने ते व्हाइटनरने खोडलं होतं. दोनशेच्या वर वेळा! काही ठिकाणी खालची ओळही थोडी पुसली गेली होती, ती त्याने पेन्सिलने परत लिहून काढली होती.

शाईपेन

असा भाऊ सगळ्यांना मिळो.

काजवा

पिंपळपान, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला जे वाटलं तेच वाटावं अशी सगळी तजवीज केलेली होती. तुम्ही वाचलेलं 'द कुकूज कॉलिंग' एप्रिल २०१३ मध्ये आलं तेव्हा लेखकाच्या परिचयात लिहिलं होतं की हे गृहस्थ लष्करी पोलिसांत होते आणि आता खासगी सुरक्षा क्षेत्रात आहेत. तुम्ही पान न उघडता तोच माणूस डोळ्यासमोर आणलात, म्हणजे रोलिंगचं सोंग बरोबर वठलं.

परीक्षणं चांगली आली होती. तरी पहिल्या तीनेक महिन्यांत ब्रिटनमध्ये पुठ्ठा बांधणीच्या जेमतेम दीड हजार प्रती खपल्या. जुलैमध्ये 'संडे टाइम्स'ने बातमी फोडली आणि एका रात्रीत पुस्तक विक्रीच्या यादीत सगळ्यात वर. फुटलं कसं, तर तिच्या वकिलांच्या कार्यालयातल्या एका भागीदाराने बायकोच्या मैत्रिणीला खासगीत सांगितलं आणि तिने ते ट्विटरवर टाकलं. त्या वकिलाला पुढे एक हजार पौंड दंड झाला. रोलिंगला मिळालेली भरपाई तिने सैनिकांसाठी काम करणाऱ्या धर्मादाय संस्थेला देऊन टाकली.

मला त्यातलं एक फार आवडतं. गॅलब्रेथच्या नावाने तिने हस्तलिखित पाठवलं तेव्हा नकार आले होते. २०१६ मध्ये तिने ती पत्रं सगळ्यांना दाखवली. एकाने तर लेखनाचा एखादा वर्ग लावा असंही सुचवलं होतं. ही पत्रं नव्याने लिहिणाऱ्यांना धीर यावा म्हणून दाखवतेय, असं तिचं म्हणणं होतं, आणि मला तो धीर खरोखर मिळाला. माझ्याकडे अशी चार पत्रं आहेत.

गोगलगाय

माझा सूर वेगळा आहे, आधीच सांगतो.

ज्याच्या घरात सगळं भरून पावलंय त्याने एक दिवस अनवाणी चालून बघावं, तसं मला हे वाटतं. पाय पोळले की चप्पल बाहेरच ठेवलेली असते. ते दीड हजार प्रतींचं दुःख रोलिंगचं कधीच नव्हतं. ते ज्याचं असतं त्याच्यासाठी जुलै उगवत नाही. चांगलं पुस्तक, चांगली परीक्षणं, तरी दीड हजार प्रती, आणि पुढच्या पुस्तकाला प्रकाशक 'बघू' म्हणतो. एवढंच. शिवाय प्रकाशकाच्या वर्षाच्या यादीत नवोदितासाठी ज्या दोन-चार जागा असतात त्यातली एक तिने घेतलीच ना?

लपून लिहायला माझी हरकत नाही. पण त्याला धाडस म्हणू नये.

सावली_७

@गोगलगाय, तुमचा मुद्दा डोरिस लेसिंगबाईंना मान्य झाला असता, कारण त्यांनी तो सिद्ध करण्यासाठीच हा घाट घातला. १९८३ मध्ये 'जेन सॉमर्स' या नावाने त्यांनी 'द डायरी ऑफ अ गुड नेबर' काढलं, पुढच्या वर्षी आणखी एक, आणि १९८४ मध्ये स्वतःच सांगून टाकलं. त्यांच्या नेहमीच्या प्रकाशकाने, जोनाथन केपने, हस्तलिखित साभार परत केलं होतं! ज्या बाईंना पुढे २००७ मध्ये नोबेल मिळालं त्यांचं हस्तलिखित त्यांच्याच प्रकाशकाने परत पाठवलं. नाव नसलं की तुम्हाला कसं वागवतात ते दाखवणं हा त्यांचा हेतू होता, आणि तो त्यांनी पुढे प्रस्तावनेत उघड मांडला.

म्हणजे तुम्ही ज्याला हौस म्हणताय ती हौस कोणी तरी केली म्हणून तर आपल्याला पुरावा मिळाला. नवोदिताने तक्रार केली असती तर 'कोल्ह्याला द्राक्षं आंबट' म्हणून मोकळे झाले असते सगळे.

मुद्रितशोधक

लेसिंगबाईंचा विषय निघालाच आहे तर पिंपळपान यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही त्याच गोष्टीत आहे. केपने परत पाठवलं हे सगळे सांगतात, पण ज्यांनी ओळखलं त्यांची गोष्ट मागे पडते. ज्या मायकेल जोसेफ प्रकाशनाने ते पुस्तक स्वीकारलं त्यांना वाचताना तरुणपणीच्या डोरिस लेसिंगची आठवण झाली होती. याच संस्थेने १९५० मध्ये त्यांची पहिली कादंबरी छापली होती! अमेरिकेत नॉफ प्रकाशनाच्या रॉबर्ट गॉटलिब यांनी हस्तलिखित वाचताच ओळखलं. आणि फ्रान्समधल्या प्रकाशकाने तर लेसिंगबाईंना फोन करून विचारलं की या जेन सॉमर्सला तुम्ही मदत वगैरे केली होती का.

म्हणजे ओळखू येतं. ज्याने त्या लेखकाची वाक्यं कामाचा भाग म्हणून, पेन हातात धरून वाचलीत त्याला जास्त येतं.

मी अठ्ठावीस वर्षं मुद्रितं तपासतोय. आमच्याकडे दिवाळी अंकांची मुद्रितं येतात तेव्हा पुष्कळदा लेखकाचं नाव वर नसतं, नुसता क्रमांक असतो. पहिल्या दोन पानांत कळतं. कशावरून? मोठ्या शब्दांवरून नाही, मोठे शब्द सगळेच वापरतात. एक लेखक आहेत, ते संवादानंतर 'म्हणाला' लिहितच नाहीत, पात्राच्या हातांची काही तरी हालचाल लिहितात. एक बाई आहेत, त्यांचा परिच्छेद नेहमी लहान वाक्याने संपतो, आणि त्या वाक्यात हमखास 'मग' असतो. एकांना अर्धविराम इतका प्रिय की मी तो काढला तर दुसऱ्या मुद्रितात परत घातलेला असतो. एकदा एका अनोळखी नावाच्या कथेत मला असे परत परत येणारे अर्धविराम दिसले. मी काही बोललो नाही. फक्त एकही अर्धविराम काढला नाही. अंक आल्यावर त्यांचा फोन आला: "कळलं तर तुम्हाला."

रातकिडा

अंगावर काटा आला हो. सुंदर.

सायंतारा

इतका वेळ थांबले होते की कोणी रोमँ गारीचं नाव काढतंय का. नाही काढलं, तर आता सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते या सगळ्या प्रकरणांचा मुकुटमणी तोच.

फ्रान्समधला गॉनकूर पुरस्कार एका लेखकाला आयुष्यात एकदाच देतात. गारीला तो १९५६ मध्ये मिळाला. पुढे सत्तरीच्या दशकात समीक्षकांनी त्याला जवळपास निकालात काढलं. साठीला टेकलेला, मुत्सद्दी म्हणून नोकरी केलेला, चित्रपटातल्या नटीचा माजी नवरा. आता याच्याकडे सांगण्यासारखं काय उरलंय, असा सूर होता. १९७४ मध्ये एमिल आजार नावाच्या कोणा नव्या लेखकाची कादंबरी आली. हस्तलिखित ब्राझीलहून आल्याचं भासवलेलं. समीक्षक खूश. दुसऱ्या वर्षी याच आजारची 'ला व्ही दव्हाँ स्वा' आली, म्हणजे 'पुढे पडलेलं आयुष्य'. मोमो नावाचा पोरका मुलगा आणि त्याला सांभाळणारी, थकलेली मादाम रोझा. भाषा अशी की मुलगा मोठ्यांचे शब्द ऐकून ऐकून चुकीच्या जागी वापरतो आणि ती जागाच बरोबर वाटायला लागते. तिला गॉनकूर मिळाला.

आता पंचाईत आली. गारीने नात्यातल्या पॉल पावलोविच या तरुणाला आजार म्हणून उभं केलं. वकिलामार्फत पुरस्कार नाकारायचा प्रयत्न झाला. तेव्हा अकादमीने कळवलं की आम्ही पुस्तकाला मत देतो, माणसाला नाही, आणि हा पुरस्कार जन्म-मृत्यूसारखाच, तो घेताही येत नाही आणि नाकारताही येत नाही. अशा रीतीने एकाच माणसाला दोनदा मिळाला.

आजारच्या नावाने चार कादंबऱ्या आल्या. गारी २ डिसेंबर १९८० रोजी गेला, स्वतःच्या हाताने. त्याने मागे लिहून ठेवलेला छोटा मजकूर १९८१ मध्ये छापला गेला, तेव्हा कुठे जगाला कळलं. शेवटी त्याने जे लिहिलंय त्याचा भावार्थ: मला फार मजा आली, येतो, आभार. त्याच मजकुरात त्याची तक्रारही आहे की माझा जुना सूर आजारमध्ये जागोजागी होता, तरी व्यवसायाने वाचणाऱ्यांना तो ऐकू आला नाही.

@मुद्रितशोधक, तुमच्यासारखा एकही जण त्याच्या वाट्याला आला नाही याचं मला फार वाईट वाटतं. लपलेल्या माणसालाही कोणी तरी शोधावं असं आत कुठे तरी वाटत असणार ना?

शाईपेन

नावातच 'आजार' आणि निदान कोणालाच झालं नाही!

सायंतारा

@शाईपेन, हसले खरी, पण निदानाची खूण खरंच नावात होती. रशियन भाषेत 'गारी' म्हणजे 'जळत राहा', आणि 'आजार' निखाऱ्याशी नातं सांगतो. मूळची रशियन बोलणाऱ्या आईचा मुलगा. त्याने नवं नाव जुन्याच आगीतून काढलं.

काजवा

आजारावरून आठवलं, स्टीफन किंगच्या लेखकाला तर खराखुरा आजार झाला. किंग १९७७ पासून 'रिचर्ड बाकमन' नावाने लिहायचा, कारण वर्षाला एकाहून जास्त पुस्तक काढलं तर बाजारात आपलंच पुस्तक आपल्याच पुस्तकाला मारेल असं त्या वेळचे प्रकाशक मानत. मलपृष्ठावर फोटो होता तो एका विमा एजंटाचा. १९८५ च्या सुमारास वॉशिंग्टनमधल्या पुस्तकाच्या दुकानात काम करणाऱ्या एका वाचकाला शंका आली, म्हणून त्याने लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जाऊन हक्कनोंदणीचे कागद काढले. बहुतेकांवर किंगच्या साहित्यिक एजंटचं नाव होतं, एकावर चुकून किंगचंच. किंगने चिडण्याऐवजी त्याला फोन केला आणि मुलाखत दिली. नंतर जाहीर केलं की बाकमन 'टोपणनावाच्या कर्करोगा'ने वारला.

'थिनर' ही कादंबरी बाकमनच्या नावावर २८ हजार खपली होती, किंगचं नाव कळल्यावर २ लाख ८० हजार. @गोगलगाय, हा दहापटीचा आकडा तुमच्या बाजूचा.

गोगलगाय

@काजवा, आकड्याबद्दल आभार. @सावली_७, पुराव्याचा मुद्दा पटला. लेसिंगबाईंबद्दलचं माझं मत बदलतो. त्यांनी गाजावाजा न करता परीक्षा दिली आणि निकाल स्वतः वाचून दाखवला.

जुनी_पाने

सगळे परदेशातच फिरताय म्हणून आपल्याकडचं लिहितो.

१९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' आलं, विभावरी शिरूरकर या नावाने. शिकलेल्या, लग्नाचं वय उलटत चाललेल्या, कमावत्या मुलींच्या मनातलं त्यात इतकं उघड होतं की गदारोळ उठला. पुढच्याच वर्षी 'हिंदोळ्यावर' आली. ही विभावरी कोण याचा शोध सुरू झाला. पुढे कळलं की त्या बाळूताई खरे, म्हणजेच नंतरच्या मालतीबाई बेडेकर. तो काळ आणि बाईने स्वतःच्या नावाने ते लिहिणं यांचा मेळ बसला नसता.

तिथे 'मोठ्या नावाचा त्रास होतो म्हणून लपले' असं नव्हतं. उघड्यावर उभं राहिलं तर दगड बसले असते. गारी किंवा रोलिंग यांच्याबरोबर एकाच पंगतीत बसवताना हा फरक ध्यानात ठेवावा असं मला वाटतं.

आणि नुसतं टोपणनाव म्हणजे लपणं नव्हे, हेही सांगून ठेवतो. गडकरी कवितेला गोविंदाग्रज, विनोदाला बाळकराम आणि नाटकाला स्वतः. खानोलकर कवितेत आरती प्रभू, कादंबरीत चिं. त्र्यं. हे वेगवेगळ्या खोल्यांत वेगवेगळे कपडे घालून बसण्यासारखं. याउलट 'ललित' मासिकातला ठणठणपाळ कोण हे गुपित होतं, आणि ते जयवंत दळवी निघाले. साहित्यिकांच्याच टोप्या उडवायच्या तर नाव झाकणं भाग होतं.

सावली_७

@जुनी_पाने, प्रेमचंदही त्याच बाजूला घ्या. 'सोजे वतन' हा कथासंग्रह १९०८ मध्ये नवाबराय नावाने आला, इंग्रज सरकारने तो जप्त केला, प्रती जाळल्या. पुढे धनपतराय 'प्रेमचंद' झाले ते नोकरी सांभाळून लिहिता यावं म्हणून. आज ते नाव इतकं खरं वाटतं की मूळचंच टोपणनाव वाटावं.

आणि पॅट्रिशिया हायस्मिथ. १९५२ मध्ये दोन स्त्रियांच्या प्रेमाची कादंबरी तिने क्लेअर मॉर्गन नावाने छापली. वाचकांची पत्रं प्रकाशकाच्या पत्त्यावर येत राहिली, की शेवट दुःखाचा केला नाहीस म्हणून तुझे आभार. स्वतःच्या नावाने ती आली १९९० मध्ये. अडतीस वर्षं ती पत्रं तिची होती आणि नव्हतीही.

अंगणवेल

मग कार्मेन मोलाचं काय म्हणाल? स्पेनमध्ये गाजलेल्या हिंसक रहस्यकथांची लेखिका, नोकरी करणारी, घरदार असलेली, म्हणून नाव लपवते असं सांगितलं होतं. २०२१ मध्ये दहा लाख युरोंचा प्लानेता पुरस्कार जाहीर झाला आणि तो घ्यायला तीन पुरुष मंचावर आले! मला याचा राग आला आणि अजून आहे. विभावरीबाईंनी झाकलं ते जिवाच्या कराराने. इथे बाईचं नाव नुसतं वेष्टन म्हणून वापरलं.

रातकिडा

@अंगणवेल, राग समजतो, पण पुस्तक वाईट झालं का त्याने? जेम्स टिपट्री ज्युनियर घ्या. विज्ञानकथा लिहिणारा हा गूढ गृहस्थ कोणालाच भेटायचा नाही. १९७५ मध्ये रॉबर्ट सिल्व्हरबर्गसारख्या लेखकाने प्रस्तावनेत ठासून लिहिलं की हे लेखन पुरुषाचंच आहे, बाई असं लिहूच शकत नाही अशा अर्थाचं. दोन वर्षांत उघड झालं की त्या ॲलिस शेल्डन. नावही म्हणे मुरंब्याच्या बरणीवरून उचललेलं. तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. उलट झालं की चिडतो.

अंगणवेल

@रातकिडा, हो, चिडतेच, आणि दोन्हीकडे सारखं मोजायला मी तयार नाही. टिपट्री व्हायला शेल्डनबाईंना कारण होतं. त्या जगात बाईच्या नावाला दारातच थांबवत. कार्मेन मोलाला कुठल्या दाराने अडवलं होतं? त्या तिघांना आपापल्या नावाने लिहायची सोय होती, ते लिहीतही होते. पुस्तक चांगलं असेलही. पण नोकरीवाली, घरदारवाली बाई हे जे चित्र विकलं ते पुस्तकाबाहेरचं आहे, आणि तिथे मला फसवलं गेल्यासारखं वाटतं.

याच हिशेबाने गॅलब्रेथच्या लष्करी पोलिसातल्या नोकरीबद्दलही मला बरं वाटलं नाही. नाव बदला, पण न भोगलेलं आयुष्य परिचयात लिहू नका.

पिंपळपान

@अंगणवेल, हे माझ्या मनात होतं, पण शब्द सापडत नव्हते. टोपणनाव आणि खोटा परिचय या दोन गोष्टी वेगळ्या धरायला हव्यात.

तळटीप

ओळखण्याच्या मुद्द्यावर थोडी भर. मी भाषेच्या संगणकीय अभ्यासात काम करते.

गॅलब्रेथच्या वेळी वर्तमानपत्राने दोन अभ्यासकांकडे मजकूर पाठवला होता, पीटर मिलिकन आणि पॅट्रिक जुओला. जुओला यांनी रोलिंगबरोबर आणखी तीन लेखिकांची पुस्तकं तुलनेला घेतली आणि चार गोष्टी तपासल्या: शब्दांच्या लांबीचं प्रमाण, सर्वाधिक वापराचे शंभर शब्द, शेजारी येणाऱ्या शब्दांच्या जोड्या, आणि चार-चार अक्षरांचे तुकडे. कथानक, पात्रं, विषय यांच्याकडे बघायचंच नाही. कारण ते लेखक ठरवून बदलतो. 'द', 'ऑफ', 'अँड' किती वेळा येतात हे कोणी ठरवत नाही, ते हातून होतं. निकाल रोलिंगकडे झुकला. त्याने सिद्ध झालं असं नाही, पण बातमीदाराला तिला थेट विचारायचं बळ मिळालं आणि तिने कबूल केलं.

पिंपळपान, तुम्ही गोष्ट ऐकत होतात. तुमचं लक्ष खुनाकडे होतं, 'ऑफ'कडे नव्हतं. वाचकाने तसंच वाचावं.

मराठीत हे काम जास्त अवघड आणि जास्त मजेचं आहे. इंग्रजीचे छोटे शब्द सुटे असतात, आपल्याकडे विभक्तीचे प्रत्यय शब्दाला चिकटतात. म्हणून नुसते शब्द मोजून भागत नाही, शेपट्या मोजाव्या लागतात. 'च' आणि 'ही' या दोन शेपट्या तर लेखकाच्या बोटांचे ठसेच. कोणी 'तोच' लिहितो, कोणी 'तो'वर थांबतो. 'की' कुठे गाळतो, 'ना' कुठे घालतो, 'आणि' आणि 'व' यांतलं काय निवडतो. मुद्रितशोधक जे अठ्ठावीस वर्षांत कानाने शिकले ते आम्ही यंत्राला शिकवतोय, आणि अर्धविरामांवरून एका कथेचा कर्ता ओळखून गप्प बसणं यंत्राला कधी जमेल असं मला वाटत नाही.

मुद्रितशोधक

@तळटीप, 'शेपट्या' हा शब्द उचलला. 'व' लिहिणारे कमी होत चाललेत, हेही नोंदवून ठेवा.

दूरचा_दिवा

तीन दिवस वाचतोय आणि लिहू की नको असं चाललंय. लिहितो.

कॉलेजात असताना ग्रंथालयात जुन्या मासिकांचे बांधीव खंड चाळत होतो. एक कथा लागली. लेखकाचं नाव पुरुषाचं, कधी न ऐकलेलं. एका घरातल्या दुपारचं वर्णन होतं. तिसऱ्या परिच्छेदात वाक्य आलं, 'उन्हाने पाय आत घेतले.' माझा हात थांबला. हे वाक्य जगात एकच माणूस बोलायचं. आमची आजी. ओसरीवरचं ऊन मागे सरकलं की ती म्हणायची, "चला, उन्हाने पाय आत घेतले, उठा."

घरी गेलो तर ती उसवलेलं काही शिवत बसली होती. मी कथेचं आणि त्या माणसाचं नाव घेतलं. तिने वर पाहिलं नाही. सुई पुढे केली. "आधी दोरा ओवून दे." दिला. तिने गाठ मारली, दोन टाके घातले आणि विचारलं, "कितव्या परिच्छेदात कळलं?"

"तिसऱ्या."

"फार लवकर," म्हणाली.

सात कथा होत्या. नाव तिच्या शाळेतल्या एका सरांचं, थोडं फिरवून. उत्तरं शेजारच्या पत्त्यावर यायची. आजोबांना ठाऊक होतं का, हे तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. पाचवीपासून पुढच्या तीन कथा मला अजून सापडलेल्या नाहीत, कारण त्यांत तिने नाव परत बदललं होतं आणि ते तिला आठवत नव्हतं. आता मी 'उन्हाने पाय आत घेतले' शोधत जुने खंड वाचतो.

अंगणवेल

दिवसभर हे मनातून जाणार नाही.

तळटीप

@दूरचा_दिवा, सापडलेल्या चार कथा जर टंकून देऊ शकलात तर मी बाकीच्यांच्या शोधात मदत करीन. चार कथा नमुन्याला कमी आहेत, पण प्रयत्न करून बघू. जुन्या अंकांचा छापील मजकूर यंत्राला वाचायला देता येतो.

मुद्रितशोधक

टंकलेलं माझ्याकडे पाठवा, मी मूळ छपाईशी ताडून देतो. आजींचं एकही विरामचिन्ह बदलणार नाही.

दूरचा_दिवा

दोघांनाही निरोप पाठवलाय. काय बोलावं सुचत नाहीये.

जुनी_पाने

@दूरचा_दिवा, कुठल्या वर्षांचे खंड ते निरोपातून कळवा. माझ्याकडे काही आहेत.

सायंतारा

'कितव्या परिच्छेदात कळलं?' मी वर विचारलं होतं की लपलेल्या माणसाला कोणी शोधावं असं वाटतं का. आजींनी उत्तर दिलं.

रातकिडा

अवांतर: अगाथा ख्रिस्तीने मेरी वेस्टमाकॉट नावाने १९३० पासून सहा कादंबऱ्या लिहिल्या, आणि १९४९ पर्यंत, जवळपास वीस वर्षं, कोणाला पत्ता नव्हता. त्या खुनाच्या रहस्यकथा नाहीत. त्यातली 'ॲबसेंट इन द स्प्रिंग' तिने तीन दिवसांत लिहून काढली. वाळवंटात गाडी चुकलेली एक बाई, बोलायला कोणी नाही, आणि हळूहळू तिला स्वतःचं आयुष्य दिसायला लागतं. पिंपळपान, रेंगाळलेली पन्नास पानं आवडायला लागली असतील तर हे वाचा. मी उघड नावानेच वाचलं आणि तरी वाचताना ती ख्रिस्ती आहे हे विसरलो.

गोगलगाय

मूळ प्रश्न दोन होते. दुसऱ्यावर मी पुष्कळ बोललो. पहिल्यावर आज बोलतो. काल रात्री मी माझ्या आवडत्या लेखकाचं एक पान आणि दुसऱ्या कोणाचं एक पान मुलीकडून मोठ्याने वाचून घेतलं, नावं न सांगता. डोळे मिटून ऐकलं. पहिल्या पाच ओळींत ओळखलं. मग लक्षात आलं की हे पान मी आधी वाचलेलं आहे, मी लेखक ओळखला नाही, पान ओळखलं. न वाचलेलं पान घेतलं आणि चुकलो. परत घेतलं आणि परत चुकलो. तिसऱ्या वेळी मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्हाला आवडलं का ते सांगा ना आधी." तिन्ही वेळा आवडलं होतं.

पिंपळपान

धागा इतका पुढे जाईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार, @दूरचा_दिवा यांचे विशेष.

गॅलब्रेथचा दुसरा भाग मी आणलाय, या वेळी कव्हर न घालता. खरं सांगते, पहिली वीस पानं मी वाचतच नव्हते, रोलिंग शोधत होते. मग पुस्तक मिटलं आणि दुसऱ्या दिवशी परत पहिल्या पानापासून सुरुवात केली.

आणि भावाला परतफेड केली. एक कादंबरी निवडली, खाकी कागद घातला, स्टेपल मारल्या. माथ्यावरचं नाव खोडायला तीन संध्याकाळी गेल्या, बोटांना अजून व्हाइटनरचा वास येतोय. त्याने परवा सुरू केली. काल रात्री अकराला फोन आला. मला वाटलं, ओळखली. तर विचारतोय, "ही बाई शेवटी त्या घरी परत जाते का गं? एवढंच सांग."

शाईपेन

जाते का?

पिंपळपान

@शाईपेन, तो हा धागा वाचतो!